ट्रायल भरवशाची आहे हे ओळखायचं कसं? (प्लाझ्माच्या निमित्ताने)

आडसाली

एप्रिल २०२१ आठवा, कोविडची दुसरी लाट. फोन उघडला की 'अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, पेशंट पिंपरीत' असे मेसेज. कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला हा द्रव, त्यातल्या अँटिबॉडी पेशंटला मिळाव्यात म्हणून द्यायचा; असा डोनर शोधायला पोरं रात्ररात्र जागत होती. त्यांच्या धडपडीबद्दल काही म्हणायचं नाही. पण प्लाझ्माने जीव वाचत नाहीत, असं सांगणारी आपल्याच देशातली ट्रायल तोवर छापून येऊन सहा महिने झाले होते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 'प्लॅसिड'. देशभरातली ३९ रुग्णालयं, मध्यम आजारी असे ४६४ रुग्ण, ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध. आजार गंभीर होणं किंवा २८ दिवसांत मृत्यू येणं, यांचं एकत्रित प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के.

परवा इथेच दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं: "प्लॅसिडचं काय सांगता, ती डबल ब्लाइंड नव्हती, जडाद स्कोअर ५ पैकी ३. अमेरिकेत ३५ हजार लोकांवर अभ्यास झाला, त्यात फायदा दिसलाय." तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा. माझं पोटापाण्याचं कामच हे आहे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी (एका प्रश्नावरच्या सगळ्या ट्रायल एकत्र तपासायला) ट्रायल वाचायच्या आणि कुठलीवर किती विसंबायचं ते लिहून द्यायचं.

आधी ते ३५ हजार. मेयो क्लिनिकच्या देखरेखीखाली अमेरिकेत जो कार्यक्रम चालला त्यात सगळ्यांनाच प्लाझ्मा दिला. न दिलेला गटच नाही. मग तुलना कोणाशी केली? निदानानंतर ३ दिवसांच्या आत प्लाझ्मा मिळालेल्यांची, ४ किंवा जास्त दिवसांनी मिळालेल्यांशी. पहिल्या सात दिवसांतले मृत्यू ८.७ टक्के आणि ११.९ टक्के. आता लवकर प्लाझ्मा कोणाला मिळतो? जो वेळेत दाखल झाला त्याला, जिथे यंत्रणा धड आहे तिथल्या पेशंटला. ही माणसं प्लाझ्माशिवायही जास्त जगली असती की नाही, हे या आकड्यांवरून कळायला मार्ग नाही. ३५ हजारांच्या जागी ३५ लाख घेतले असते तरी कळलं नसतं. मोठ्या आकड्याने योगायोगाचा भाग कमी होतो, पक्षपात तसाच राहतो. उलट आकडा मोठा असला की पक्षपाताला वजन येतं.

त्याच आकडेवारीच्या आधारे २३ ऑगस्ट २०२० ला एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) आपत्कालीन परवानगी दिली, आणि आयुक्त स्टीफन हान यांनी १०० पैकी ३५ जण वाचतील असं पत्रकार परिषदेत सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना ते सुधारावं लागलं. ३५ टक्के ही सापेक्ष घट होती, तीही भरपूर अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा आणि कमी अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा यांच्यातली. डोकी मोजली तर शंभरात पाचेक.

आता जडाद स्कोअर. १९९६ साली आलेली ही मोजपट्टी आहे. यादृच्छिक वाटणी (कोणता रुग्ण कोणत्या गटात हे नाणं उडवल्यासारखं ठरवणं) केली म्हटलं की १ गुण, ती कशी केली हे नीट सांगितलं की आणखी १. ब्लाइंडिंगचे (कोणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवण्याचे) तसेच २. मधेच सोडून गेलेल्यांचा हिशोब दिला की १. झाले ५. दोन मिनिटांत काम होतं, म्हणून थीसिस लिहिणारे तिच्यावर फिदा. प्लॅसिड ओपन लेबल होती, म्हणजे कोणाला प्लाझ्मा दिलाय ते सगळ्यांना ठाऊक. ब्लाइंडिंगचे दोन्ही गुण गेले.

पण ते दोन गुण गेल्याने बिघडलं नेमकं काय? मृत्यूच्या बाबतीत फारसं काही नाही. कोणता पेशंट प्लाझ्मावाला आहे हे माहीत असल्यामुळे डॉक्टर मेलेल्याला जिवंत लिहीत नाहीत. (बाकीच्या शुश्रूषेत फरक पडू शकतो हे खरं. पण तो पडलाच तर प्लाझ्माच्या बाजूने पडायची शक्यता जास्त. तरीही फायदा दिसला नाही.) त्याच ट्रायलमध्ये दुसरीकडे बघा. सातव्या दिवशी धाप गेली असं सांगणारे प्लाझ्मा गटात ७६ टक्के, दुसऱ्या गटात ६६. थकवा गेला म्हणणारे ७३ आणि ६०. इथे मला तो नसलेला पडदा खुपतो. लोकांनी ज्यासाठी आकाशपाताळ एक केलं तो प्लाझ्मा आपल्याला मिळाला, हे माहीत असलेला माणूस 'आता बरं वाटतंय' म्हणणारच. म्हणजे एकच ट्रायल, तेच रुग्ण, तेच डॉक्टर. मृत्यूच्या आकड्यावर मी विसंबतो आणि धापेच्या आकड्यावर नाही. ५ पैकी ३ या गुणांत हा भेद कुठे बसवणार?

गुणांची बेरीज घात करते याचा पुरावाही आहे. १९९९ मध्ये पीटर यूनी आणि सहकाऱ्यांनी गंमत केली. शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दोन प्रकारचं, एक जुनं आणि एक नवं, हेपॅरिन वापरतात, त्यांची तुलना करणाऱ्या १७ ट्रायल घेतल्या आणि तेव्हा प्रचारात असलेल्या २५ गुणपट्ट्या एकेक करून लावल्या. काही पट्ट्यांनुसार 'उत्तम' ट्रायल सांगत होत्या की दोन्ही औषधं सारखीच, नवं औषध सरस दिसतं ते फक्त सुमार ट्रायलमध्ये. काही पट्ट्यांनुसार बरोबर उलट. ट्रायल त्याच. पट्टी बदलली की निकाल बदलला.

दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह असतं, एक विषय कच्चा राहिला तरी बाकीचे सांभाळून घेतात. ट्रायलला ती सवलत नाही. वाटणीतच लबाडी असेल तर पुढचं आकडेशास्त्र कितीही देखणं असो, उपयोग शून्य.

म्हणून आता कॉक्रेनवाले (उपचारांचे पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) गुण देतच नाहीत. २०१९ पासून त्यांची 'रॉब २' ही पद्धत आहे. वाटणी कशी झाली, ठरलेल्या उपचारापासून लोक ढळले का, किती जणांची माहिती हरवली, आउटकम (जो परिणाम बघायचा तो) मोजला कोणी आणि कसा, आणि मोजलेल्यातलं सोयीचं तेवढंच छापलं का, अशा पाच ठिकाणी पक्षपात शिरायला फट आहे का ते बघायचं. निकाल 'धोका कमी', 'थोडी शंका' किंवा 'धोका जास्त'. आणि हा निकाल अख्ख्या ट्रायलचा नसतो, एकेका आउटकमचा असतो. मृत्यूचा वेगळा, धापेचा वेगळा.

माझं म्हणणं एवढंच आहे: ट्रायल किती 'चांगली' असं विचारू नका. हा जो एक आकडा समोर आहे तो कोणत्या वाटेने वाकला असेल, कोणत्या दिशेने आणि साधारण किती, हे विचारा. हाणा आता.

तीन_फुल्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक बाळबोध शंका. वाटणी यादृच्छिक केली म्हणजे केली, त्यात लबाडी कशी होईल? नाणं उडवायला काय लागतं?

आडसाली

बाळबोध नाही, इथेच सगळ्यात जास्त पाणी मुरतं. यादी यादृच्छिक असणं वेगळं आणि ती यादी पेशंट दाखल करणाऱ्याला न दिसणं वेगळं. समजा पुढचा नंबर औषधाचा आहे हे मला आधीच कळलं आणि दारात अगदी खंगलेला पेशंट आलाय. मी म्हणणार, 'आजोबा, तुम्ही उद्या या.' मनात वाईट काही नसतानाही हे होतं. यादी शंभर टक्के यादृच्छिक, आणि गट मात्र वेगळे.

१९४८ सालच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी नेमकी ही मेख ओळखली होती. यादी त्यांनी केलेली, डॉक्टरांना न दिसणारी, बंद पाकिटांत, आणि पेशंट पात्र ठरवून घेतल्यावरच मध्यवर्ती कार्यालयात पाकीट फोडायचं. क्षयाचे १०७ रुग्ण. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ गेले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४.

पुढे १९९५ मध्ये केनेथ शुल्झ आणि मंडळींनी २५० ट्रायल तपासल्या. जिथे ही गुप्तता नीट पाळली नव्हती तिथे औषधाचा परिणाम सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला निघाला. डबल ब्लाइंड नसल्याने फुगवटा आला तो १७ टक्के. आणि जडाद स्कोअरमध्ये वाटणीच्या गुप्ततेला गुण किती? शून्य. विचारलेलंच नाही. पाकिटं उजेडाला धरून आतलं वाचण्याचे किस्सेही शुल्झने गोळा करून छापलेत.

तीन_फुल्या

पाकीट उजेडाला धरणं! परीक्षा विभागातल्या शिपायांपासून प्रोफेसरांपर्यंत सगळे एकाच मातीचे. _/\_

स्टेथोस्कोपवाला

आडसाली, लेख चांगला, पण खुर्चीत बसून लिहिलेला आहे. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक कॉलर धरायचे बाकी होते. 'पुण्यात सगळ्यांना देतायत, तुम्ही का देत नाही?' २९ जून २०२० ला खुद्द राज्य सरकारने 'प्लॅटिना' नावाने जगातला सर्वांत मोठा प्लाझ्मा प्रकल्प म्हणून गाजावाजा केला होता. त्यानंतर नातेवाइकांना बीएमजे वाचून दाखवायचं?

दुसरं, प्लॅसिडवर माझा खरा आक्षेप ब्लाइंडिंगचा नाहीच. दिलेल्या प्लाझ्मात अँटिबॉडीच कमी होत्या. बऱ्याच डोनरमध्ये विषाणू निकामी करणाऱ्या अँटिबॉडी नावालाही नव्हत्या. पाणी घातलेलं दूध देऊन दुधाने बाळसं येत नाही म्हणण्यासारखं आहे हे.

आडसाली

डॉक्टर, पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी भांडणार नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला. तोवर तुम्ही एकटे काय करणार होतात?

दुसरा आक्षेप रास्त आहे, पण तो वेगळ्या खात्यात जातो. प्लॅसिडने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं आहे का, हा एक मुद्दा. तिने विचारलेला प्रश्न तुमचाच प्रश्न होता का, हा दुसरा. 'भारतात २०२० मध्ये मिळत होता तसा प्लाझ्मा दिला तर काय होतं?' हा तिचा प्रश्न होता, आणि रुग्णालयांना हवा तोच होता. 'भरपूर अँटिबॉडीचा प्लाझ्मा दिला तर?' याचं उत्तर ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने दिलं. ११,५५८ रुग्ण, भरपूर अँटिबॉडीचा प्लाझ्मा, २८ दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत २४ टक्के. तीही ओपन लेबलच.

लीड्सकर

रिकव्हरीचा विषय निघालाच आहे तर. मी तेव्हा इथे एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) एका हॉस्पिटलमध्ये रिसर्च नर्स होते. लोकांना वाटतं एवढी मोठी ट्रायल म्हणजे कागदांचे ढीग. उलट होतं. संगणकावर एक छोटा फॉर्म भरला की कोणता उपचार द्यायचा ते त्याच क्षणी स्क्रीनवर. पाकीट नाही, यादी नाही, उजेडाला धरायला काहीच नाही. शेवटी एकच पानभर माहिती: पेशंट घरी गेला की वारला, व्हेंटिलेटर लागला का. रात्रपाळीच्या गडबडीतही भरून होई. मोजायचं थोडं ठेवलं म्हणून माहिती हरवलीही कमी.

आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड उपयोगी आहे हे जून २०२० मध्ये याच ट्रायलने दाखवलं हे विसरू नका. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांत मात्र काही फायदा नाही, झालंच तर नुकसानाकडे कल. नंतर भारतातून मावशीचा फोन यायचा, नुसता ताप आला तरी डेक्सा सुरू केलंय म्हणून. डोक्याला हात.

स्टेथोस्कोपवाला

@लीड्सकर, ते आम्हीही पाहिलं. त्यावर वेगळा धागा होईल, आणि तो धाग्यापेक्षा पंचनामा होईल.

सहाण

सर्वांना नमस्कार. मी आयुर्वेदाचा वैद्य. चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु एक पूर्वग्रह जाणवतो. आपल्या सर्व कसोट्या गोळीसाठी बेतलेल्या आहेत. कडू काढ्याचा प्लासिबो (दिसायला-चवीला तसाच, पण औषध नसलेला) कसा करणार? बस्ती (औषधी एनिमा) दिली की नाही हे रुग्णापासून कसे लपवणार? शिवाय आमच्याकडे दोन आमवाताच्या रुग्णांना एकच औषध असेलच असे नाही. प्रकृती, अग्नी, ऋतू पाहून योजना बदलते. अशा शास्त्राला हा फूटपट्टीचा न्याय लावला की आम्ही कायम 'धोका जास्त' याच रकान्यात.

आडसाली

वैद्यराज, बस्तीबद्दल मान्य. पण आमवाताचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगतो. कोइमतूरमध्ये नेमकी अशी ट्रायल झाली आहे, अमेरिकेतल्या संशोधकांसोबत, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला आयुर्वेदिक औषधं आणि मेथोट्रेक्सेटचा (आमवातावरचं अॅलोपॅथीचं नेहमीचं औषध) प्लासिबो, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि आयुर्वेदिक औषधांचा प्लासिबो, तिसऱ्याला दोन्ही खरी. वैद्यांनी प्रत्येक रुग्ण तपासून, प्रकृतीनुसार आपली आपली योजना लिहिली, हवी तेव्हा बदलली. पुडीत खरं गेलं की खोटं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे व्यक्तिनिष्ठ चिकित्सा आणि ब्लाइंडिंग एकत्र नांदू शकतात.

आता उणी बाजू. एकूण रुग्ण ४३, तीन गटांत. तिन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही म्हणून 'आयुर्वेद मेथोट्रेक्सेटच्या तोडीस तोड' अशा बातम्या फिरल्या. एवढ्या थोड्या माणसांत फरक असला तरी दिसला नसता. संशोधकांनी स्वतः तिला प्राथमिक ट्रायलच म्हटलं होतं. पुढची मोठी व्हायला हवी होती.

आणि गोळीला झुकतं माप हा आरोप सर्जननीही केला होता. ह्यूस्टनमध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी आर्थ्रोस्कोपीची (दुर्बिणीने शस्त्रक्रियेची) ट्रायल झाली, १८० रुग्ण, २००२ मध्ये प्रसिद्ध. एका गटाला गुंगीचं औषध देऊन नुसते वरवर छेद दिले आणि टाके घातले. दोन वर्षांत दुखण्यात खऱ्या आणि खोट्या शस्त्रक्रियेत फरक नाही.

सहाण

कोइमतूरची ट्रायल ठाऊक आहे. माझा रोख तोच आहे: ती झाल्यावर पुढच्या मोठ्या ट्रायलला पैसा कोण देणार? अश्वगंधेवर पेटंट नाही, म्हणून कंपनीला रस नाही. मग 'पुरावा नाही' असे ऐकवायचे. पुरावा गोळा करायला पैसा न देणे हाही पक्षपातच, फक्त तुमच्या पाच फटींत तो बसत नाही.

आडसाली

हे मान्य. रॉब २ ला झालेली ट्रायल तपासता येते, न झालेली नाही.

शेवंती

मी डॉक्टर नाही, सायन्सही दहावीनंतर सुटलं. आईच्या गुडघ्यासाठी रोज कोणीतरी नवीन कॅप्सूल सुचवतं, सोबत 'क्लिनिकली प्रूव्हन'चा पेपर पीडीएफमध्ये. माझ्यासारखीने यातलं काय बघायचं? रॉब २ चा फॉर्म उघडला आणि लगेच बंद केला.

निवृत्त_प्राचार्य

शेवंतीताई, मी तुमच्यासारखाच. एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसतो (नियमानुसार एक तरी असा लागतो). आकडेशास्त्र मला येत नाही, पण एक काम कोणालाही जमतं. भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआय या संकेतस्थळावर तिची नोंद असते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. पेपरमध्ये नोंदणी क्रमांक असतो, तो तिथे टाका. दोन गोष्टी ताडून पाहा: नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची आहे का, आणि 'प्रायमरी आउटकम' (आधीच ठरवलेला मुख्य परिणाम) म्हणून तिथे जे लिहिलंय तेच पेपरच्या निष्कर्षात आहे का. नोंदणीत 'सहा महिन्यांनी चालताना होणारं दुखणं' आणि पेपरमध्ये 'दोन आठवड्यांनी रक्तातला अमुक घटक कमी' असं दिसलं की पेपर बाजूला ठेवावा.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हेही लक्षात ठेवा. जाहिरातीत 'सीटीआरआय रजिस्टर्ड' असं मिरवतात. तिथे नोंद कोणालाही करता येते, करावीच लागते.

आडसाली

प्राचार्य, +१०००. आउटकमची अदलाबदल किती महागात पडते याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे 'स्टडी ३२९'. किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर पॅरॉक्सेटिन, २७५ मुलं. २००१ च्या पेपरात औषध परिणामकारक आणि सुरक्षित. मूळ प्रोटोकॉलमधल्या दोन्ही प्राथमिक आउटकममध्ये मात्र प्लासिबोपेक्षा फरक नव्हता. यश दिसलं ते नंतर घातलेल्या मोजमापांत. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी कच्ची माहिती मिळवून बीएमजेत फेरमांडणी केली: फायदा नाही, आणि आत्महत्येच्या विचारांसारखे दुष्परिणाम आधी सांगितले त्याहून जास्त. ट्रायल डबल ब्लाइंड होती बरं का.

स्टेथोस्कोपवाला

'रक्तातला अमुक घटक' यावरून. प्लॅसिडमध्येही सातव्या दिवशी आरटीपीसीआर निगेटिव्ह झालेले प्लाझ्मा गटात जास्त होते, ६८ विरुद्ध ५५ टक्के. हा आकडा पडद्याअभावी वाकलेला नसणार, कारण यंत्राला कोणाची बाजू घ्यायची नसते. पण पेशंटला त्याचं काय? रिपोर्ट सुधारला, माणूस तिथेच.

आम्हाला एमडीला कास्ट ट्रायल घोकून घेतली होती. हार्ट अटॅकनंतर जादा ठोके पडतात, ते जास्त पडणारे लवकर जातात, म्हणून ठोके दाबणारी औषधं सर्रास देत. ठोके खरंच दाबले जायचे, ईसीजी अगदी स्वच्छ. मग प्लासिबोशी तुलना झाली: एनकेनाइड-फ्लेकेनाइडवर ७५५ पैकी ६३ मृत्यू, प्लासिबोवर ७४३ पैकी २६. तेव्हापासून सुंदर ईसीजी पाहिला की मला आधी भीती वाटते.

मांडवीपार

आमच्या गोव्याची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. मे २०२१, दुसरी लाट ऐन भरात, आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं: १८ वर्षांवरच्या सगळ्यांनी आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध) घ्यायचं, रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. आजारी असो नसो. त्याआधीच मार्चअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध ट्रायलबाहेर वापरू नका म्हटलं होतं. आणि तरी आयव्हरमेक्टिनच्या बाजूने मेटा-अॅनालिसिस होते! अनेक ट्रायल एकत्र करून, रीतसर गुणवत्ता तपासून. मग ती तपासणी काय कामाची?

आडसाली

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. त्यातल्या काही मेटा-अॅनालिसिसचा निकाल बऱ्याच अंशी इजिप्तच्या एल्गझार यांच्या ट्रायलवर उभा होता. जुलै २०२१ मध्ये ती प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेला पेपर) मागे घेतली गेली. जॅक लॉरेन्स या लंडनच्या विद्यार्थ्याने तिच्या कच्च्या फाइलमध्ये खोदकाम केलं, तर त्याच त्याच रुग्णांच्या ओळी पुन्हा चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. ती वगळल्यावर मृत्यू टळण्याचा फायदा विरत गेला.

आमची सगळी हत्यारं एक गोष्ट गृहीत धरतात: ट्रायल खरोखर झाली आहे. पेपरमध्ये 'संगणकाने वाटणी केली' लिहिलं की आम्ही 'धोका कमी' लिहितो. खोटं लिहिणाऱ्याला तेवढं वाक्य लिहायला काय जातं? उलट प्रामाणिक संशोधक 'चार रुग्णांची फाइल सापडली नाही' असं लिहितो आणि त्याच्यावरच शंकेचा शिक्का बसतो. म्हणून आता रिव्ह्यू करणारे कच्ची माहिती मागू लागलेत. मिळतेच असं नाही.

तीन_फुल्या

म्हणजे शेवटी काय, कंपनीने पैसा दिलेली ट्रायल सरळ केराच्या टोपलीत टाकायची, असंच ना?

आडसाली

नाही. कंपनीच्या ट्रायल बांधणीत बहुतेकदा सरकारी ट्रायलपेक्षा काटेकोर असतात, नियामकाला दाखवायच्या असतात ना. तरीही त्यांचे निष्कर्ष कंपनीच्या बाजूने जास्त वेळा झुकतात, हे कॉक्रेनच्याच रिव्ह्यूत आलंय, आणि नेहमीच्या गुणवत्ता तपासणीतून त्याचा उलगडा होत नाही. झोल सहसा आधीच्या पायरीवर असतो: तुलनेला कोणतं औषध घेतलं, कोणत्या डोसमध्ये, किती दिवस पाहिलं.

शेवंती

आईच्या कॅप्सूलचा नंबर सीटीआरआयवर टाकून बघितला. नोंदणीची तारीख ट्रायल संपल्यानंतरची आहे! प्राचार्य, तुम्हाला माझ्याकडून पुरणपोळी.

आणखी एक. पेपरात लिहिलंय, एकूण फरक नाही पण 'पन्नाशीच्या वरच्या, वजन जास्त असलेल्या बायकांत' भरपूर फायदा. आई त्यात बसते. मग?

आडसाली

शेवंती, तुमची रास कोणती? थट्टा नाही. १९८८ मध्ये आयसिस-२ ही हार्ट अटॅकवरची ट्रायल झाली, १७,१८७ रुग्ण. अॅस्पिरिनने जीव वाचतात हे तिने पक्कं केलं. जर्नलने हट्ट धरला की गटागटांचे आकडे द्या. संशोधकांनी ते दिले, सोबत राशीनुसारही दिले. मिथुन आणि तूळवाल्यांना अॅस्पिरिनने किंचित तोटा, बाकीच्या सगळ्यांना घसघशीत फायदा.

शेवंती

माझी तूळ :( म्हणजे मला अटॅक आला तर अॅस्पिरिन नाही मिळणार.

तीन_फुल्या

शांत करून घ्या आणि मग घ्या.

स्टेथोस्कोपवाला

गंभीर होऊया. आडसाली, एक अडचणीचा प्रश्न ठेवतो. बेल्जियमची 'कॉन्फिडंट' वाचली का? २०२३, न्यू इंग्लंड जर्नल. कोविडने फुप्फुसं गेलेले, व्हेंटिलेटरवरचे ४७५ रुग्ण, भरपूर टायटरचा (अँटिबॉडीच्या प्रमाणाचा) प्लाझ्मा. २८ दिवसांत मृत्यू ३५.४ विरुद्ध ४५ टक्के. मृत्यूच्याच आउटकमवर, तुमच्याच नियमाने भरवशाची. आता काय म्हणणार? प्लाझ्मा चालतो?

आडसाली

वाचली. बांधणीत मला मोठी फट दिसत नाही. ओपन लेबल आहे, पण आउटकम मृत्यू, म्हणून जो न्याय प्लॅसिडला तोच हिला. निकाल आवडला नाही म्हणून दोष शोधत बसणार नाही.

पण पक्षपात नसणं म्हणजे निकाल पक्का असणं नव्हे. ४७५ रुग्ण हा आकडा मृत्यूच्या प्रश्नाला लहान आहे, पी ०.०३ (खरा फरक नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात तीन), म्हणजे योगायोगाला अजून जागा आहे. शेजारी प्लाझ्माचीच रीमॅप-कॅप ही ट्रायल ठेवा: सुमारे २,००० गंभीर रुग्ण, इस्पितळातले मृत्यू ३७.३ आणि ३८.४ टक्के, फायदा नाही. त्यात सगळे व्हेंटिलेटरवरचे नव्हते, हा तुमच्या बाजूचा मुद्दा. कॉन्फिडंटमध्ये फायदा मुख्यतः व्हेंटिलेटर लागल्यापासून ४८ तासांत निवडलेल्यांत दिसला, आणि गटागटांच्या आकड्यांचं काय ते शेवंतीला आत्ताच सांगितलंय. मला तशाच रुग्णांवरची, तशाच प्लाझ्माची दुसरी ट्रायल हवी. तोवर 'शक्य आहे' एवढंच.

स्टेथोस्कोपवाला

पटलं, पण अर्धंच. दुसरी ट्रायल आता होणार नाही, तसे पेशंटच उरले नाहीत. आणि बेल्जियमने बहुतेकांना दिलेला प्लाझ्मा किमान १:३२० टायटरचा. आमच्याकडे तेव्हा बाटली यायची तिच्यावर रक्तगट असायचा, टायटर नसायचा. त्यामुळे कॉन्फिडंट खरी निघाली तरी आम्ही दिलेल्या प्लाझ्माला तिचा दाखला मिळत नाही. त्याला प्लॅसिडच लागू.